लेन्सचा बोके: किती धूसर आणि कसा धूसर?

कवडसा

नमस्कार मंडळी,

पोर्ट्रेटसाठी एकच प्राइम (झूम न होणारी) लेन्स कायम कॅमेऱ्यावर ठेवायची असं ठरवलंय. हाताशी तीन आहेत, तिन्ही फुल फ्रेमच्या (३६ × २४ मिमी सेन्सर): ५० मिमी एफ/१.४, ८५ मिमी एफ/१.८ आणि १३५ मिमी एफ/२. शार्पनेसच्या बाबतीत तिघींबद्दल तक्रार नाही, त्यामुळे ती चर्चा नको. प्रश्न आहे तो बोकेचा, म्हणजे चेहऱ्याच्या मागचा फोकसबाहेरचा भाग कसा धूसर दिसतो याचा.

रात्रीचे दिवे मागे ठेवून ५० ने फोटो काढला की दिव्यांचे गोळे इतके रेखीव येतात की बघणारा पहिली दाद त्यांनाच देतो. गोळ्याची कडा मधल्या भागापेक्षा उजळ, कुणीतरी बारीक रेघेने गिरवल्यासारखी. तीच लेन्स घेऊन दुपारच्या उन्हात सुक्या गवतासमोर पोर्ट्रेट काढलं की कानामागची एकेक काडी दुभंगते. एका काडीच्या दोन समांतर रेघा आणि मधे पोकळी. शंभर टक्के झूम करून पाहिलं तर मोकळ्या केसांची बट कुठे संपते आणि गवत कुठे सुरू होतं ते कळत नाही. ८५ ने तीच जागा, तेच ऊन, तीच चौकट घेतली तर गवत शांत. पण रात्रीच्या दिव्यांत ८५ चे गोळे ५० पुढे फिके वाटतात.

परीक्षणांमधली "क्रीमी", "मखमली" ही विशेषणं वाचून वाचून कंटाळा आला. दोन लेन्सच्या बोकेची तुलना करताना तुम्ही नेमकं काय बघता? आणि या तिघींमधली कोणती ठेवाल?

शटरपटर

१३५ एफ/२. पुढचा धागा काढा. :)

पिंपळपान

शटरपटर, इतकं सोपं नाही हो. १३५ ने नुसतं डोकं आणि खांदे घ्यायचे तरी जवळपास तीन मीटर मागे सरकावं लागतं. पूर्ण उंचीचा फोटो हवा असेल तर सात-आठ मीटर. घरात एवढी जागा नसते, आणि बाहेर असली तरी समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. लाजरं मूल असेल तर तेवढ्या अंतरावरून त्याला हसवणार कसं? पोर्ट्रेटमध्ये पार्श्वभूमीच्या आधी माणूस येतो. माझं मत ८५ ला.

अंतराळ

मतदान सुरू व्हायच्या आधी "किती धूसर" हा भाग आकड्यांत मिटवून टाकू, कारण तो खरंच आकड्यांत मिटतो.

फोकल लेंग्थला (५० मिमी वगैरे) एफ नंबरने (१.४ वगैरे) भागा. प्रकाश आत घेणारं तोंड (ॲपर्चर) किती मिलिमीटरचं आहे ते मिळेल. ५० एफ/१.४ ला सुमारे ३६, ८५ एफ/१.८ ला ४७, १३५ एफ/२ ला साडेसदुसष्ट. चौकट तीच ठेवली तर अगदी दूरच्या पार्श्वभूमीची धूसरता थेट या आकड्याच्या प्रमाणात वाढते.

आता पार्श्वभूमी जवळ आणा. समजा उभ्या चौकटीत ७२ सेंटीमीटर उंची मावते, म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्याच्या विसाव्या हिश्श्याएवढी. मागची भिंत माणसापासून १ मीटरवर आहे. त्या भिंतीवरच्या एका बिंदूचा सेन्सरवर केवढा गोळा होईल? ५० ने ०.८७ मिमी, ८५ ने ०.८५ आणि १३५ ने ०.८८. तिघी सारख्याच! तीच भिंत २० मीटर मागे न्या: १.७, २.२ आणि ३.० मिमी. ही आकडेमोड पातळ भिंगाच्या सूत्राने केलीय, खऱ्या लेन्समध्ये थोडं इकडेतिकडे होईल, पण चित्र हेच राहील.

म्हणजे कवडसा, तुमचं गवत जर मॉडेलच्या मागे मीटरभरावरच असेल तर तिथे १३५ चा मोठेपणा चालत नाही. आणि गवत दुभंगण्याचा या हिशोबाशी काही संबंध नाही, ते काम निराळ्या दोषाचं आहे. त्यावर भिंगकाकांनी लिहावं.

शटरपटर

१ मीटरवर सारख्या असतील, पण १३५ चा कोन अरुंद आहे. मागे पाच झाडांऐवजी दीड झाड येतं. पसारा कमी, म्हणून फोटो शांत. हे तुमच्या मिलिमीटरमध्ये कुठे दिसलं?

अंतराळ

नाही दिसलं, आणि मुद्दा बरोबर आहे. धूसरता सारखी असली तरी १३५ त्या भिंतीचा लहान तुकडा ताणून मोठा दाखवते.

हिरवळ

फार छान समजावलंत, अंतराळ. वाचनखूण साठवली आहे. माझ्याकडे एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सर आणि ५६ मिमी एफ/१.२ आहे. एफ/१.२ म्हटल्यावर ती या सगळ्यांच्या पुढे जायला हवी ना?

अंतराळ

५६ भागिले १.२, म्हणजे ४६.७. ८५ एफ/१.८ चे ४७.२. तुमच्या सेन्सरवर ५६ मिमीची चौकटही फुल फ्रेमवरच्या ८५ एवढीच पडते. त्यामुळे धूसरतेच्या मापात दोन्ही जवळजवळ जुळ्या. एफ/१.२ चा आकडा एक्स्पोजरला तसाच लागू, धूसरतेसाठी मात्र सेन्सर धरूनच बोलायला हवं.

भिंगकाका

अंतराळने बोलावलंय तर सविस्तर लिहितो.

फोकसच्या बाहेरचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर गोळा होऊन पडतो. त्या गोळ्यात प्रकाश कसा वाटला गेलाय यावर सगळं ठरतं. अगदी दोषमुक्त लेन्स असेल तर गोळा सपाट, सगळीकडे सारखा उजळ. प्रत्यक्षात गोलीय विपथन, म्हणजे स्फेरिकल ॲबरेशन, थोडं तरी उरतंच. भिंगाच्या कडेने आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच जागी मिळत नाहीत. डिझायनरने हा दोष थोडा कमी दुरुस्त ठेवला तर फोकसच्या मागच्या बिंदूंचे गोळे मधे उजळ आणि कडेला विरत जाणारे होतात. प्रमाणाबाहेर दुरुस्त केला तर उलटं: मधे फिके आणि कडेला उजळ कंगोरा.

आता गवताची काडी म्हणजे अशा बिंदूंची एक रांग समजा. गोळे एकमेकांवर पडत जातात. कडा उजळ असतील तर त्या कडा एकीला एक जुळून काडीच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा उमटतात. गोळे कडेला विरत असतील तर काडी नुसती पसरते.

म्हणून कवडसा, रात्रीचे रेखीव गोळे आणि दुपारची दुभंगलेली काडी ही एकाच दोषाची दोन रूपं आहेत. लेन्सची परीक्षा दिव्यांच्या गोळ्यांवरून घेणाऱ्यांना माझा विरोध आहे तो याचसाठी. काळ्या पार्श्वभूमीवर सुटे सुटे दिवे ही सगळ्यात सोपी परीक्षा. त्यात जवळपास कुठलीही लेन्स देखणी दिसते. खरी परीक्षा फोकसच्या लगेच मागच्या पट्ट्यात असते: केस, गवत, फांद्या, जाळी, छापील अक्षरं. तिथे गोळे अजून लहान असतात आणि वस्तूची ओळख पुरती पुसलेली नसते.

आणखी एक. फोकसच्या पुढे हे सगळं उलटतं. मागे कंगोरे देणारी लेन्स पुढच्या वस्तू मऊ करते. निकॉनच्या १३५ मिमी एफ/२ डीसी या १९९० च्या आणि १०५ मिमी एफ/२ डीसी या १९९३ च्या लेन्सवर यासाठी वेगळी रिंगच दिली होती. ती आर कडे फिरवली की मागचा भाग मऊ, एफ कडे फिरवली की पुढचा. दोन्ही बाजू एकाच वेळी मऊ करता येत नाहीत, हे त्या रिंगेइतकं स्वच्छ दुसऱ्या कशाने कळत नाही.

कवडसा

काका, दंडवत! गोळ्यांची कडा आणि काडीच्या रेघा यांचा हा संबंध कुठल्याच परीक्षणात वाचला नव्हता. मग ५० चा उपयोग उलटा करता येईल का? गवत मॉडेलच्या पुढे ठेवून, त्यातून डोकावत फोटो?

भिंगकाका

नक्की करून बघा. तुम्ही वर्णन केलंत तसे कंगोरे मागे येत असतील तर पुढचं गवत धुक्यासारखं पसरायला हवं.

जुनाट

सगळेजण पार्श्वभूमी गप्प बसवायला निघालेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पार्श्वभूमीने बोललं तर काय बिघडलं?

माझ्याकडे हेलिओस ४४-२ आहे, ५८ मिमी एफ/२, झाइसच्या बायोटारवर बेतलेली सोव्हिएत लेन्स. मागे पानांचा दाट पडदा असेल आणि तो माणसापासून योग्य अंतरावर असेल तर पानं चेहऱ्याभोवती गरगर फिरतात. तिच्या एम४२ माउंटचं (लेन्स कॅमेऱ्याला जोडायच्या तोंडाचं) सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ मिमी, त्यामुळे कुठल्याही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर साध्या अडॅप्टरने बसते. ट्रायोप्लान १०० मिमी एफ/२.८ घ्या. तीन भिंगांची साधी रचना, ॲपर्चर लहान-मोठं करणारी १५ पाती, आणि दवबिंदूंवर ऊन असलं की साबणाच्या फुग्यांसारखे गोळे. भिंगकाका ज्याला दोष म्हणतात त्याच कंगोऱ्यासाठी लोक ही लेन्स शोधत फिरतात. पेट्झवालची १८४० ची पोर्ट्रेट लेन्स घ्या. मधे स्वच्छ आणि कडेला भोवरा, हा बाज लोकांना इतका हवा होता की २०१३ मध्ये लोमोग्राफीने तो ८५ मिमी एफ/२.२ मध्ये पुन्हा आणला.

सगळ्या आधुनिक लेन्स एकसारख्या गुळगुळीत होत चालल्यात. फोटो पाहून लेन्स ओळखता येऊ नये, यात कसला आनंद?

पिंपळपान

जुनाट, तुमचे पानांचे फोटो मला मनापासून आवडतात. पण सलग पाच फोटो पाहिले की डोळा माणसाकडे न जाता भोवऱ्याकडे जातो. आजीचा चेहरा आणि नातीचा चेहरा दोघींच्या मागे तोच भोवरा. तो त्या दोघींचा नव्हे, लेन्सचा फोटो झाला.

जुनाट

म्हणून भोवरा प्रत्येक फोटोत नसावा, हे मान्य. एफ/४ ला आणला की तो जवळपास नाहीसा होतो. लेन्स एकच, वापरायच्या रीती दोन. लोक ती फक्त एफ/२ ला वापरतात हे लेन्सचं दुर्दैव.

हिरवळ

भोवरा नेमका होतो कशामुळे?

अंतराळ

चौकटीच्या मधोमध गोळे गोल असतात. कडेला प्रकाश तिरपा येतो आणि लेन्सच्या नळीची पुढची-मागची तोंडं त्याचा काही भाग अडवतात. त्यामुळे गोळा दोन्ही टोकांना निमुळता होतो, ज्याला कॅट्स आय म्हणतात. असे निमुळते गोळे केंद्राभोवती गोलाकार मांडले गेले की फिरल्याचा भास होतो. त्यात कडेचा ॲस्टिगमॅटिझम (वेगवेगळ्या दिशांच्या रेघांचा फोकस वेगवेगळ्या जागी पडणं) आणि प्रतिमेच्या प्रतलाची वक्रता यांची भर पडली की हेलिओस किंवा पेट्झवालसारखा भोवरा. ॲपर्चर एक-दोन स्टॉप लहान केलं की कडेचे गोळे पुन्हा गोल व्हायला लागतात, म्हणूनच जुनाट म्हणतात तसं एफ/४ ला भोवरा ओसरतो.

पण असं स्टॉप डाउन केलं, म्हणजे ॲपर्चर लहान केलं, की पात्यांचा आकार उमटू लागतो. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ च्या दुसऱ्या आवृत्तीत पाचच पाती होती, एफ/२.८ ला दिव्यांचे स्वच्छ पंचकोन. २०१५ च्या एसटीएम आवृत्तीत सात वक्र पाती आली आणि तो प्रश्न बराच मिटला.

तिसरी_घंटा

रंगमंचाचे फोटो काढते, धागा आवडीने वाचतेय. एक विचारायचं होतं. अलीकडे मोकळ्या उजेडात ८५ एफ/१.४ पूर्ण उघडी ठेवून १/४००० ने पोर्ट्रेट काढली. पानांमधून आलेल्या उन्हाचे गोळे एका बाजूने सपाट कापल्यासारखे आलेत, आणि सगळ्या चौकटीभर एकाच दिशेने. हे कॅट्स आय नव्हे ना? लेन्सचं काही हललंय का?

भिंगकाका

ताई, लेन्सला हात लावू नका, शटरची सेटिंग बघा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन चालू असणार. त्यात एक्स्पोजरची सुरुवात सेन्सरवरच इलेक्ट्रॉनिक पद्धतीने होते आणि शेवट खराखुरा पडदा करतो. पडदा सेन्सरच्या किंचित पुढे असतो. वेग खूप असला की फट अरुंद होते, आणि मोठ्या ॲपर्चरमधून तिरपे येणारे किरण त्या किंचित फरकामुळे एका बाजूने कापले जातात. कॅट्स आय कडेला असतं आणि केंद्राभोवती दिशा बदलतं. तुमचं सगळीकडे एकाच दिशेने आहे, हीच ओळख. १/१००० च्या वर गेलात की पूर्ण मेकॅनिकल शटर लावा. पूर्ण इलेक्ट्रॉनिकही चालेल, पण रंगमंचावर नको. एलईडी दिव्यांत पट्टे येतील.

तिसरी_घंटा

मेकॅनिकल लावून त्याच झाडाखाली पाहिलं, गोळे पूर्ण गोल. काका, मनापासून आभार. लेन्स दुरुस्तीला पाठवायच्या बेतात होते.

शटरपटर

हा एक प्रतिसाद स्वतंत्र धागा करून वर चिकटवून ठेवावा अशी संपादकांना विनंती. तुलनेच्या किती चाचण्या यापायी चुकीच्या ठरल्या असतील!

सावळबाधा

अवांतर विचारते. फोनच्या पोर्ट्रेट मोडमध्ये आता एफ/१.४ पर्यंत सरकपट्टी असते. मुलीचा फोटो त्यात काढला तर शेजारणीला कॅमेऱ्याचाच वाटला. मग एवढ्या लेन्सचा खटाटोप कशासाठी?

पिंपळपान

छोट्या पडद्यावर खरंच फसायला होतं. पण कपाळावर सुटलेली एखादी बट नीट बघा. फोन अंतराचा नकाशा बनवतो आणि त्यावरून धूसरता रंगवतो. बट एकतर पार्श्वभूमीत विरघळते किंवा तिच्याभोवती मागच्या भागाचा स्वच्छ तुकडा चिकटून राहतो. चष्म्याची काच, पाण्याचा पेला, जाळीदार ओढणी या ठिकाणीही तेच. पारदर्शक वस्तूला अंतर एक द्यायचं की दोन, हे नकाशाला ठरवता येत नाही. लेन्सला हा प्रश्नच पडत नाही, प्रकाश जसा येतो तसा पडतो.

आडरान

मी पक्ष्यांचे फोटो काढतो, माझा अनुभव वेगळा. ३०० मिमी एफ/४ चं तोंड ७५ मिमी, म्हणजे अंतराळच्या हिशोबात १३५ एफ/२ च्याही पुढे. तरी फांदी पक्ष्याच्या हातभर मागे असेल तर ती काडीसारखी दुभंगतेच. पार्श्वभूमी निवडायला चार पावलं डावीकडे सरकणं हा माझा सगळ्यात मोठा इलाज. आणि ५०० मिमी एफ/८ ची मिरर लेन्स वापरून बघा. मधे आरसा असल्यामुळे प्रत्येक गोळा पोकळ कडी होतो. पाण्यावरच्या चमकीत ते सुंदर दिसतं, वेळूच्या बनात सगळी चौकट रेघांनी भरून जाते. भिंगकाकांचं म्हणणं तिथे डोळ्यांनी दिसतं.

हिरवळ

माझ्या ५६ च्या गोळ्यांत आत बारीक वर्तुळं दिसतात, कांद्याच्या चकतीसारखी. हे काय?

अंतराळ

ॲस्फेरिकल (पृष्ठभाग गोलाचा तुकडा नसलेलं) भिंग साच्यात घडवतात. साचा कोरताना राहिलेल्या सूक्ष्म चऱ्या भिंगावर उतरतात आणि गोळ्यात वर्तुळं होऊन दिसतात. नाव अनियन रिंग्जच आहे. आता साचे जास्त गुळगुळीत करतात. सोनी तिच्या एक्सए भिंगांसाठी ०.०१ मायक्रॉनची अचूकता सांगते. गवत-पानांत ही वर्तुळं जवळपास दिसत नाहीत, फक्त सुट्या दिव्यांत दिसतात. त्यासाठी लेन्स बदलू नका.

जुनाट

आणि ज्यांना सगळंच मऊ हवंय त्यांनी १९९९ ची मिनोल्टा १३५ मिमी एसटीएफ बघावी. एफ/२.८ ची लेन्स, पण आत कडेकडे गडद होत जाणारं भिंग, त्यामुळे प्रकाश टी४.५ इतकाच, म्हणजे एफ/४.५ च्या लेन्सएवढाच, पोचतो. गोळ्याला कडाच राहत नाही, पुढेही आणि मागेही. अशाच लेन्स फुजीने २०१४ मध्ये ५६ एफ/१.२ एपीडी, सोनीने २०१७ मध्ये १०० मिमी एसटीएफ, कॅननने २०१९ मध्ये लेपाच्या तंत्राने ८५ एफ/१.२ डीएस आणली. किंमत प्रकाशात मोजायची. कडा विरली म्हणजे गोळा लहानही भासतो, हे लक्षात असू द्या.

भिंगकाका

जुनाट, चांगली आठवण केलीत. मी "दोन्ही बाजू एकाच वेळी मऊ होत नाहीत" म्हटलं ते विपथनाच्या मार्गापुरतं. हा कडेला गडद होणाऱ्या भिंगाचा, म्हणजे फिल्टरचा, मार्ग वेगळा. स्टॉप डाउन केलं की तो परिणामही जातो, कारण गडद कडा पात्यांमागे झाकली जाते.

कवडसा

सर्वांचे आभार. वरच्या सूचना गोळा करून तुलना केली. ट्रायपॉड, व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेला, मेकॅनिकल शटर, तिन्ही लेन्सने डोकं-खांदे एकाच मापाचे. मागे उन्हातलं सुकं गवत, आधी मीटरभरावर, मग बरंच दूर. फोकस डोळ्यावर, चित्र मोठं करून तपासलेला.

मीटरभरावर अंतराळचं गणित तंतोतंत दिसलं. तिन्ही फोटोंत गवत सारखंच धूसर, पण ५० मध्ये दोन रेघा, ८५ मध्ये एकच पसरलेली रेघ, १३५ त्याहून किंचित मऊ. आणखी एक गोष्ट सापडली: ५० मध्ये मागच्या काड्यांच्या कडांवर हिरवट छटा आणि पुढच्यांवर जांभळट. त्यामुळे रेघा आणखीनच उठून दिसतात. गवत दूर गेल्यावर १३५ ला तोड नाही, शटरपटर खूश होतील.

मग गवतातून डोकावून ५० ने काढलं. काका, पुढच्या काड्यांचं खरोखर धुकं झालं! चेहऱ्याच्या खालच्या बाजूला सोनेरी पडदा आणि एकही रेघ नाही. ८५ ने हीच चौकट घेतली तर पुढच्या काड्यांना थोडे कंगोरे आले.

तेव्हा कायमची ८५, कारण मी बहुतेक जवळच्या पार्श्वभूमीत आणि लोकांशी बोलत फोटो काढते. पुढे काहीतरी ठेवून फोटो काढायचा असेल तेव्हा ५०. १३५ मोकळ्या माळावर.

शटरपटर

तिसऱ्या क्रमांकावर का होईना, १३५ आली. :)

पिंपळपान

८५ ला दिलेलं मत सत्कारणी लागलं.

भिंगकाका

छान काम केलंत. हिरवट-जांभळट छटा म्हणजे लांबीच्या दिशेचं वर्णविपथन, वेगवेगळ्या रंगांचा फोकस पुढे-मागे पडल्याने येतं. स्टॉप डाउन केल्यावर ते कमी होतं. पुढच्या वेळी ५० एफ/२ आणि एफ/२.८ लाही लावून बघा, कंगोरे बरेच सौम्य होतील आणि ती मागच्या गवतालाही चालेल. फक्त प्रत्येक ॲपर्चरला फोकस नव्याने करा. विपथन जास्त असलेल्या लेन्समध्ये ॲपर्चर बदललं की फोकसचं प्रतल किंचित सरकतं, आणि एफ/१.४ ला केलेला फोकस एफ/२.८ ला डोळ्यावरून सरकलेला सापडतो.

कवडसा

ऊन मिळालं की हेच करते. रॉ फाइल्स सगळ्यांसाठी चढवते, कडेचे गोळेही तपासता यावेत म्हणून डिस्टॉर्शन (रेघा वाकणं) आणि व्हिनेटिंग (कडा काळवंडणं) यांची दुरुस्ती बंद ठेवून.